अर्धविराम आणि एस

पपांना इस्पितळातून घरी आणलं त्या दिवसापासून त्यांचं एकच चाललं होतं. पक्षाघाताने बोलणं गेलेलं, उजवा हात गेलेला. डाव्या हाताने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट. पाणी प्या म्हटलं तर बोट तिकडे. पेज भरवायला गेले तर तोंड मिटून बोट तिकडे. डॉक्टर म्हणाले, यांना तळमळू देऊ नका, दुसरा झटका येईल. जसं काही मीच हौसेने तळमळायला लावत होते.

मी विरारचा फ्लॅट बंद करून पापडीला पपांकडे येऊन राहिले होते, कारण दुसरं होतं कोण? मम्मी जाऊन वर्षं झाली. भाऊ सहा वर्षांपूर्वी पपांशी भांडून पुण्याला गेला तो गेलाच. पपांनी वाडीतलं बावखल, आमचं जुनं गोड्या पाण्याचं तळं, भराव टाकून बुजवलं, त्यावरून भांडण. झटक्याचं कळवलं तेव्हा भावाने एवढंच विचारलं, "त्यांनी बोलावलंय का?" ज्या माणसाची वाचा गेली तो बोलावणार कसा, हे त्या शहाण्याला मी सांगितलं आणि फोन आपटला.

कॉम्प्युटरमध्ये शेवटची फाईल झटक्याच्या आदल्या दिवशीची होती. हीच हवी असणार. पलंगावरून स्क्रीन दिसत नाही म्हणून, ती उघडून बघायचीही उसंत न घेता, मी माझ्या मोबाईलवर पाठवली आणि त्यांच्यासमोर धरली. बघते तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, प्रश्नचिन्हं यांचा नुसता काला. पपा सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होते आणि घरीही त्याच जुन्या फाँटमध्ये लिहायचे. तो फाँट मोबाईलला ठाऊकच नव्हता. पपांनी एकदा पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो फाँटच मोबाईलवर घ्यावा म्हणून केबल लावली. मोबाईल चार्ज व्हायला लागला, पण कॉम्प्युटरने त्याची ओळखच दाखवली नाही. 'अपडेट करा' अशी चौकट सारखी वर येत होती. वैतागून 'हो' म्हटलं. दोन तास ते चक्र गरगर फिरलं. मशीन परत सुरू झालं तेव्हा पपांचं मराठीचं सॉफ्टवेअरच उघडेना. आता कॉम्प्युटरवरही तोच काला. जे धड होतं तेही मी स्वतःच्या हाताने घालवलं. मोरीचं दार लावून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षाने माणिकपूरला गेले. दुकानदार म्हणाला, हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बंद झाली, फॉरमॅट मारून देऊ का? त्यालाच काहीतरी मारावंसं वाटलं. तसंच ते धूड परत घेऊन आले. फाँट बदलून देणाऱ्या साईट शोधल्या. त्या आधी विचारतात, तुमचा फाँट कोणता? तेच माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते? यादीतले एकेक करून बघितले. मराठी अक्षरं आली, पण त्यातून एक शब्द लागेल तर शपथ.

आणि पपा. त्यांना आता की-बोर्ड मांडीवर हवा असायचा. दिला की डाव्या हाताच्या एका बोटाने दोनच बटणं: आधी अर्धविराम, मग एस. पुन्हा अर्धविराम, पुन्हा एस. स्क्रीनवर त्याच दोन चिन्हांची रांगच्या रांग. मी म्हटलं, संपलं, डोक्यावरही परिणाम झाला. तिसऱ्या दिवशी मी की-बोर्ड हिसकावून घेतला आणि ओरडले, "पुरे करा ना पपा, किती छळाल?" ते रडायला लागले. आयुष्यात पपांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेही माझ्यामुळे.

संध्याकाळी परत तो मोबाईलमधला काला उघडून बसले. आणि अचानक दिसलं, त्यातही ती जोडी होती. अर्धविराम, एस. थोडी अक्षरं सोडून पुन्हा. मी की-बोर्ड ओढला. पपांनी कित्येक वर्षांपूर्वी प्रत्येक बटणावर मराठी अक्षराची बारीक चिठ्ठी चिकटवली होती. रोज डोळ्यांसमोर असून मी कधी लक्षच दिलं नव्हतं. अर्धविरामाच्या बटणावर 'य'. एसवर मात्रा.

ये.

म्हणजे तो काला नव्हताच. पपांनी दाबलेली बटणं होती ती, एकामागून एक. मी वही घेतली. मोबाईलवर एक इंग्रजी अक्षर बघायचं, की-बोर्डवर त्याची चिठ्ठी शोधायची, वहीत उतरवायचं. पुसट झालेल्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं पपा चादरीवर बोटाने गिरवून दाखवत होते. पान भरायला दीड तास लागला. पत्र मला नव्हतंच, भावाला होतं. खरं सांगते, क्षणभर झोंबलं.

त्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि वाचलं. "बावखल बुजवायला नको होतं. तू म्हणत होतास ते बरोबर होतं. आता ते परत होत नाही. तू ये. भांडायला तरी ये."

शेवटची ओळ मी वाचली नाही. तिथे लिहिलं होतं, "बहिणीला एवढ्यात सांगू नकोस. ती आधी चिडेल आणि मग रडत बसेल."

पपांच्या मांडीवर की-बोर्ड होता आणि त्यांचं बोट त्याच दोन बटणांवर चाललं होतं.

"तू रडतेयस का गं?" भावाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अजून चिडलेलीच आहे. तू निघ."