मोसंबीची फोड

पालमहून परभणीला जाणाऱ्या बसमध्ये दर मंगळवारी एक बाई तीन वर्षांच्या लेकीला घेऊन चढायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. लेकीला ऑटिझम आहे, हे मात्र तिनं पहिल्याच दिवशी अख्ख्या बसला ठणकावून सांगितलं होतं. यंदा नवरा ऊसतोडीला गेला, पण लेकीच्या परभणीतल्या उपचारात खंड नको म्हणून ही मागं राहिली.

बसली की ती मोसंबी सोलायची, एक फोड लेकीसमोर धरायची आणि गप्प राहायची. पोरगी कुरकुरायची, आईचा हात ओढायची. बाई ढिम्म. बघणाऱ्यांचाच जीव कासावीस व्हायचा. एकदा मला राहवलं नाही. मी एक फोड उचलून पोरीला द्यायला गेलो, तर बाईनं माझं मनगटच धरलं.

"काका, देऊ नका. मागू द्या तिला. सासूबाईला बी हेच सांगायले मी. ही मागायच्या आदीच त्या तोंडात घालायल्यात, मग ही बोलंल कशाला?"

मी ओशाळून हात मागं घेऊ लागलो.

"आता धराच तुमी. परक्यालाबी मागता आलं पायजे."

तेव्हापासून दर मंगळवारी फोड धरायचं काम माझ्याकडं आलं. हात अवघडायचा, रस कोपरापर्यंत ओघळायचा, पोरगी खिडकीबाहेर बघायची.

मग एका मंगळवारी, माझ्याकडं न बघताच, तिनं माझ्या बोटाला हात लावला.

"दे."

मी तोंड उघडं टाकून पोरीकडं बघत राहिलो.

"काय बघायलाव काका?" बाई खेकसली. "द्या की लौकर!"