लिंबाचा शेंडा आणि बुडखा

नव्या कोऱ्या लाकडावर पांढरे ठिपके दिसले आणि माझा जीव कळवळला. मी ओलं पोतं घेतलं आणि ठिपके घासून साफ केले. माझा समज असा, की लाकूड चिरायला आलेल्या मशीनवाल्यानं तंबाखू मळली आणि चुन्याचं बोट लाकडाला पुसलं. माणूस कामाला चांगला, पण हाताला वळण नाही, असंही मनात म्हणून घेतलं. मग दोन्ही लाकडं विहिरीच्या कठड्याला टेकवली, चांगली बाजू पुढं यावी म्हणून फिरवून-फिरवून लावली, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला फोटो काढला. फोटो छान आला. आमच्या घरात आजही तो कुणाला दाखवायची मला हिंमत होत नाही.

लाकूड आमच्या आखाड्यावरच्या लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं. आखाडा म्हटलं की पुण्याकडच्या पाहुण्यांना कुस्ती आठवते. आमचा आखाडा म्हणजे शेतातला गोठा, एक खोली आणि विहीर. कुस्ती तिथं होते ती फक्त आम्हा नवरा-बायकोची, आणि निकाल ठरलेला असतो. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात बायकोनं विहिरीजवळ बोटभर रोप लावलं होतं. उन्हाळ्यात भांडी घासलेलं पाणी ती त्यालाच नेऊन घालायची. त्या रोपाचं असं झाड झालं, की चार बैल सावलीला बसून वर माझ्या बाजेला जागा उरायची. दीड वर्षापूर्वी वैशाखातल्या वादळात ते मुळासकट आडवं झालं. बायको दोन दिवस आखाड्याकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "नव्या घराची चौकट त्याचीच करायची."

"अगं, लोखंडी चौकट तयार मिळते," मी म्हणालो. "वाळवी नाही, कटकट नाही."

"लोखंडाला पालवी फुटलेली म्या कवा पाह्यली न्हाई."

वर तिनं एक अट घातली. झाड जसं रानात उभं होतं तसंच दारात उभं राहिलं पाहिजे. बुडखा खाली, शेंडा वर. ही काही तिच्या एकटीची गोष्ट नाही. आमच्या भागात जाणता सुतार उलटं लाकूड उभं करतच नाही. घराचं सगळं उलटं होतं म्हणतात. पण बायकोला घराचं उलटं-सुलटं बघायचं नव्हतं. तिला ते झाड पुन्हा एकदा उभं बघायचं होतं.

अडचण एवढीच, की ओंडका पाटाच्या पलीकडं. पाटावरच्या पुलावरून बैलगाडी कशीबशी जाते. ट्रॅक्टर नेला तर पाटातून ट्रॅक्टरही काढायचा आणि ओंडकाही. म्हणून ओंडका आरागिरणीत न्यायच्या ऐवजी आरागिरणीच ओंडक्याकडं आणायची ठरली. शेजारच्या तांड्यावरचा एक जण चेन सॉला लोखंडी सांगाडा जोडून जागेवर फळ्या पाडून देतो, असं कळलं. तो मोटारसायकलवर आला. मागं गोणपाटात गुंडाळलेली मशीन, हँडलला कॅन. एवढ्याशा सामानावर हा आमचा लिंब चिरणार? मी चेहऱ्यावर शंका आणली. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही.

"वैनी, घरात सरळ शिडी हाय का?" त्यानं बायकोला विचारलं.

शिडी ओंडक्यावर आडवी ठोकली, तिच्यावरून सांगाडा सरकवत त्यानं पहिली वरची साल उतरवली, आणि आतून गुलाबी-तांबूस लाकूड निघालं. बायको जवळ येऊन त्यावरून हात फिरवत राहिली. भुसा उडत होता. लिंबाचा भुसा तो. पाणी कडू, चहा कडू, मिशीसुद्धा कडू. ओंडका बरोबर मधोमध चिरायला घेतला आणि कर्रकन आवाज झाला. ठिणग्या उडाल्या. मशीन बंद.

आत खिळा होता. लाकडानं पूर्ण गिळलेला, गंजून काळा पडलेला, आणि आजूबाजूचं लाकूडही शाईसारखं काळं झालेलं.

"ह्यो कुणाचा पराक्रम?" मशीनवाल्यानं विचारलं. "साखळीचे दात गेले माझ्या."

"आधीच्या सालगड्याचं काम दिसतंय," मी ताबडतोब म्हणालो. "त्याला काही ठोकाठोकीची सवयच होती."

मशीनवाल्यानं पटाशीनं खिळा उकरला आणि गोल कानस घेऊन एकेक दात घासत बसला. मला म्हणाला, पेट्रोल कमी पडेल. मीही संधी साधली आणि पेट्रोल आणायला आखाडा बाळापूर गावाला निघून गेलो. खिळ्यापासून जितकं लांब तितकं बरं.

मी परत आलो तोवर मधली चीर पार होऊन चौकटीची दोन उभी लाकडं निघाली होती, आणि बायको, मशीनवाला दोघं पलीकडं बांधावर चहा पीत होती. लाकडांपाशी मी एकटा. पुढं काय केलं ते सांगितलंच आहे.

चहा संपवून ती दोघं आली. बायकोनं एका लाकडाचं खालचं टोक बघितलं. मग वरचं. मग दुसऱ्याचं.

"भाऊ, चुना कुठं लावला व्हता?"

"बुडख्याला. तुमी सांगितलं तसा, दोनी लाकडाला."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात ओलं पोतं होतं.

"मला वाटलं, घाण हाय," मी म्हणालो.

"आन् फिरवली काहून?"

"फोटोसाठी."

"पुसायच्या आधीचा फोटो हाय का?"

"न्हाई. नंतरचाच हाय."

मशीनवाला उकिडवा बसून लाकूड निरखू लागला. फांदीची गाठ असती तर दिशा कळली असती, म्हणाला; पण एवढ्या खोडात एकही गाठ नव्हती. चारी बाजूंनी तासलेलं, इथून तिथून सारखं. बायको कठड्यावर बसली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती त्या दोन लाकडांकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते वादळानंतरचे दोन दिवस परत आले होते.

मशीनवाला एकदम म्हणाला, "वैनी, खिळ्याचा डाग दोनी लाकडाला हाय. खिळा जिमिनीपासून किती उंच व्हता, तेवढं कळलं तरी काम होतं."

"आता कोण सांगंल?" बायको म्हणाली. "त्यो सालगडी तर गाव सोडून गेला." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

विहिरीत उडी मारायला कठडा मध्ये होता. मी हातातलं पोतं खाली ठेवलं. "माझ्या डोळ्यासमोर व्हता. मीच ठोकला. आरसा अडकवून तिथं दाढी करायचो."

मग वर मीच शहाणपण केलं. "पण इतक्या वर्षांत झाड वाढलं, तसा खिळाबी वर गेला असंल की."

"दादा, झाड शेंड्याला वाढतंय," मशीनवाला हसला. "खिळा ठोकला तिथंच ऱ्हातो. तुमी खचला असाल तर सांगा."

बुडाचा फूटभर तुकडा त्यानं आधी तोडून टाकला होता. तेवढाच उंच दगड आणला, त्यावर एक लाकूड उभं केलं आणि मला शेजारी उभं केलं. काळा डाग माझ्या पोटासमोर आला.

"पोटाची दाढी करत व्हता का?" बायको म्हणाली. दोन तासांत ती पहिल्यांदा हसली होती.

लाकूड उलटवलं. डाग बरोबर डोळ्यांसमोर. मी नकळत गाल फुगवला आणि हनुवटी वर केली. मशीनवाल्यानं दुसरं लाकूड त्याला भिडवलं. डागाला डाग, रेषेला रेष, मिटलेल्या पुस्तकासारखं. मग डबी काढून बायकोपुढं धरली. या वेळी चुन्याचं बोट तिनं स्वतः लावलं, आणि लाकडावर घोंगडी टाकून मला त्या बाजूला फिरकायची बंदी केली.

तीन महिने लाकूड सावलीत सुकलं. चौकट उभी करायच्या दिवशी सुतारानं हळद-कुंकू लावायच्या आधी विचारलं, हे काळं भोक लाखेनं बुजवून टाकू का? चौकट फूटभर जोत्यावर उभी, म्हणून अंगणातून बघितलं की तिच्या आतल्या बाजूला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर ते नेमकं दिसत होतं. मी घाईनं हो म्हणणार, तेवढ्यात बायको मध्ये आली. तिनं भोकावरून अंगठा फिरवला, मग वर शेंड्याकडं बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली.

"ऱ्हाऊ द्या तसंच," सुताराला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "माहेराहून आणलेला माझा आरसा कुठं गेला, ते मला त्या दिवशीच कळलं. आता नवा आणा, आन् ह्याच भोकात अडकवा, दुसरं पाडू नका. आन् जरा मोठा आणा, दोघांची तोंडं मावतील असा."