ताराचंदचा गेम अन् घरभरचे चार्जर

पवनारच्या ताराचंदनं तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, तेव्हा पानठेल्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. अहो, हा माणूस वांगी तोडता तोडता प्लास्टिकच्या पन्नीत अंगठ्यानं खर्रा घोटायचा! पण सावंगीच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला आणि बजावलं, आता बंद म्हणजे बंद. ताराचंद घाबरला. तोंड आवरलं, पण घोटायची सवय लागलेला अंगठा काही आवरेना. मग पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं, अंकितानं, मुठीत मावणारा एक गेम पाठवला. वरून विटा पडतात, त्या रचायच्या. तलफ आली की ताराचंद गेम काढायचा. लोक हसले तर हसले, चट्टा फिका पडत होता.

आणि परवा लाइन जास्त दाबानं आली, गेमचा चार्जर वायरसकट जळाला. आज ऐन सकाळी बॅटरी संपली आणि तलफ मात्र वेळेवर हजर झाली.

ताराचंदनं मोबाइलचा नवा, जाडजूड फास्ट चार्जर लावला. पिन झक्कास बसली, पण दिवा लागेना. उलटी लावली, फुंकर मारली, छे! शेजारच्या किसनरावांचा चार्जर आणला. दिवा लुकलुकला आणि विझला. टॉर्चच्या चार्जरची पिन बसेचना. फवारणी पंपाच्या चार्जरलासुद्धा त्यानं हात घातला, मग स्वतःलाच शिव्या देत तो बाजूला ठेवला.

"पिना तं सारख्याच हायेत न! मंग नखरे कायचे करून राह्यला बे हा?" तो त्या गेमवरच ओरडला.

शेवटी लेकीला फोन लावला.

"बाबा, त्याले फास्ट चार्जर नाई चालत," अंकिता म्हणाली. "जुना, साधा पाह्यजे. माह्या पहिल्या मोबाइलचा पांढरा होता न, तो लावा."

पांढरा! तो कुठं आहे हे ताराचंदला चांगलं माहीत होतं. देव्हाऱ्याच्या बोर्डावर. त्या चार्जरवर ताराचंदच्या बायकोची, गोपिकाची, जपाची मशीन चालायची. डबीएवढी मशीन, पण दिवसभर एकच सूर: राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. आतली बॅटरी केव्हाच मेलेली, चार्जर काढला की मुकी. आणि ती बंद पडता कामा नये, नवस आहे, अशी गोपिकाची सक्त ताकीद. कसला नवस, हे ताराचंदनं कधी विचारलं नव्हतं. त्या सुरानं त्याचं डोकं आधीच उठलेलं असायचं.

"थोडा वेळ दे न तो चार्जर," तो म्हणाला.

"हात लावान तं पाहा!" गोपिका सांभाराच्या जुड्या बांधत होती, कोथिंबिरीचा वास घरभर झाला होता. "नवस हाय म्हटलं न."

"मशीनले देव हाय, अन् मले कोणी नाई?"

"तुमाले जीभ हाय. तेवढी पुरे."

झालं! ताराचंद तरातरा पानठेल्यावर गेला. ठेलेवाल्या गोपालनं काही न विचारता खर्रा घोटून पुडी पुढं केली. चारचौघांत खायची लाज वाटली म्हणून ताराचंदनं ती खिशात टाकली आणि घरी गोठ्यामागं खाऊ, असं ठरवून परतला.

घरातून जप ऐकू येत होता, पण सूर वेगळा होता. मध्येच खोकला, मध्येच दम. मशीन देव्हाऱ्यात मुकी पडली होती. पांढऱ्या चार्जरला गेम लागला होता, त्याचा लाल दिवा नीट जळत होता. गोपिका जुड्या बांधता बांधता स्वतः जप म्हणत होती.

ताराचंद उलट भडकला. "अन् आता नवस कुठं गेला?"

"ठेल्याकडं जातानी पाह्यलं तुमाले," गोपिका म्हणाली. "तुमचा चट्टा जावा म्हणून लावली होती मशीन, अन् चट्टा जावा म्हणूनच काढली. आता बोलू नका, माहा जप तुटते."

ती पुन्हा सुरू झाली. ताराचंदनं खिशातली पुडी काढून तिच्यापुढं ठेवली. गोपिकानं जप न थांबवता ती सडक्या पानांत लोटून दिली. मग तोही खाली बसला आणि जुड्या बांधू लागला, अंगठ्याला काहीतरी काम हवंच होतं.

थोड्या वेळानं गोपिकाचा घसा पार बसला. ती पाणी प्यायला उठली आणि घर एकदम गप्प झालं. ताराचंदनं गेमकडं पाहिलं. चार्जिंग अर्धंही झालं नव्हतं.

"हात्तिच्या!" तो वैतागून पुटपुटला आणि ती परत येईस्तोवर स्वतःच मोठ्यानं जप म्हणू लागला.