पंधरावा बार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. चौथ्या मजल्यावरच्या एका दिवाणखान्यात, खिडकी आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या मधल्या कोपऱ्यात, मिस्त्री गुडघ्यांवर बसून घरगुती बारच्या नव्याकोऱ्या कपाटाला आतून भोकं पाडत होते. ड्रॉइंगमध्ये भोकं आठच होती. फळ्या दोन, प्रत्येक फळीला चार खिट्ट्या. मिस्त्रींना त्याशिवाय आणखी चोवीस पाडायची होती, आणि तीही अकराच्या आत. अकराला डिझायनर मॅडम दिव्यांच्या दुकानातून परत येणार होत्या.

डिझायनर मॅडम म्हणजे मिस्त्रींची धाकटी मुलगी. ही गोष्ट या घरात कोणालाच माहीत नव्हती. "बाप सुतार म्हटलं की लोकांना वाटतं, बापाला काम मिळावं म्हणून मुलगी कपाटं वाढवतेय," असं तिचं म्हणणं. म्हणून कामावर ती त्यांना मिस्त्री म्हणायची आणि ते तिला मॅडम. मिस्त्रींची याला हरकत नव्हती, फक्त सवय नव्हती. पहिल्याच दिवशी ते या घराच्या मालकासमोर, साहेबांसमोर, "मॅडम, डबा खाल्लास का?" असं विचारून बसले होते. मॅडमनी असे डोळे वटारले की मिस्त्रींना तिची आई आठवली.

त्याच संध्याकाळी घरी तिनं बजावलं होतं, "बाबा, ड्रॉइंगमध्ये नसलेलं एक जरी भोक पडलं, तरी पुढच्या कामाला दुसरा मिस्त्री."

पुढचं काम मोठं होतं. साहेबांची थोरली बहीण दातांची डॉक्टर होती आणि नवा दवाखाना थाटत होती. भावाचा बार बघायला ती आज दुपारी येणार होती. आवडला तर दवाखान्याचं सगळं काम मॅडमना. तोवर मॅडमच्या नावावर दोन कामं होती, एक चपलांचं कपाट आणि हा बार.

हे सगळं माहीत असूनही मिस्त्री भोकं पाडत होते, कारण घरगुती बारांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. अकरा वर्षांत त्यांनी चौदा घरांत चौदा बार बसवले होते. दार बसवणं, कडी बदलणं अशा निमित्तानं त्या घरांत पुन्हा जाणं व्हायचं, आणि जावं तिथे बारचं काहीतरी वेगळंच झालेलं दिसायचं. कर सल्लागारांच्या बारमध्ये फायली होत्या. ज्या जोडप्याला जुळी झाली, त्यांच्याकडे बाटल्या जागच्या जागी होत्या, पण दुधाच्या. एका घरी ग्लास उलटे टांगायच्या दांड्यांवर मोजे वाळत होते. एका ठिकाणी सासऱ्यांची औषधं मांडून ठेवली होती. त्या घरात बारला निदान ठरलेल्या वेळी गिऱ्हाईक होतं. दारू दारूच्या जागी राहिलेला असा एकच बार. तो माणूस एकटा राहायचा, आणि तो प्यायचा स्वयंपाकघरात उभं राहून.

यातून मिस्त्रींनी एक धडा घेतला होता. बार करायचा तो दुसऱ्या वर्षासाठी. पहिल्या वर्षी मालक पाहुण्यांना दाखवतो, दुसऱ्या वर्षी घर त्याचा ताबा घेतं. तेव्हा फळ्या हलवता आल्या पाहिजेत. नाहीतर घरातल्या वहिनींचा फोन येतो आणि पॉलिश केलेल्या लाकडाला छिन्नी लावावी लागते. म्हणून ते आधीच जादा भोकं पाडून ठेवायचे, ती रंग मिसळलेल्या मेणानं बुजवायचे आणि वर फडकं फिरवायचे. वेळ आली की हेअरपिननं मेण काढायचं, खिट्टी घालायची, फळी सरकवायची. मालकाला काही सांगायचं नाही. नवऱ्यामुलाला मांडवात कोणी संसाराचा खर्च सांगतं का?

हे साहेब विमा कंपनीत शाखाप्रमुख होते. दुसऱ्याच्या घराला आग लागेल, पूर येईल, चोरी होईल, याचा अंदाज बांधण्यात त्यांची हयात गेली होती. स्वतःच्या बारचं काय होईल, एवढा अंदाज मात्र त्यांना नव्हता. सहकाऱ्याकडचा बार पाहून आल्यापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. त्यांनी मॅडमना कुठल्याशा हॉटेलातल्या बारचा फोटो दिला होता आणि "सेम टू सेम" एवढंच सांगितलं होतं. उंच स्टुलं आणली, तर साहेबांचे पाय लोंबकळू लागले. मग खाली पितळी दांडी लावावी लागली. साहेब स्वतः शनिवारी दीड पेग घेत आणि त्यावर जळजळीची गोळी.

साहेबांच्या बायकोनं, इथल्या वहिनींनी, तीन आठवड्यांत एकदाच तोंड उघडलं होतं. "मागे प्लग आहे ना?"

"आहे. बाटल्यांच्या छोट्या फ्रिजसाठी," मॅडम म्हणाल्या होत्या.

"असू दे, असू दे," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. मिस्त्रींनी तेव्हाच ओळखलं, या घरात दुसरं वर्ष लवकर लागणार.

अकराला पाच कमी असताना शेवटचं भोक बुजलं. मॅडम आल्या, दिवे लावले, कपाटात डोकावल्या, आणि त्यांना काही दिसलं नाही. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

सव्वाचारला डॉक्टरीणबाई आल्या. पर्स खांद्यावरच ठेवून त्यांनी बारकडे पाहिलं.

"बाळ्या, घरात दुकान काढलंस की काय?"

शाखाप्रमुख बावन्न वर्षांचे होते. "ताई, बार आहे हा."

"तुला तर दीड पेगात जळजळ होते."

"पाहुण्यांसाठी आहे."

"मग मी पाहुणीच आहे. चहा दे."

चहा काउंटरवर आला. बारचं उद्घाटन झालं ते असं.

डॉक्टरीणबाईंनी दारं उघडून पाहिली, मिटून पाहिली, कपाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. चेहऱ्यावर पसंती दिसत होती. मॅडमनी दवाखान्याचा कच्चा आराखडा पिशवीतून अर्धा बाहेर काढला. तेवढ्यात कपाटाच्या आत बाईंचं बोट थांबलं. त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली.

"इथे फिलिंग आहे."

"काय आहे?" साहेब पुढे झाले.

"फिलिंग. हे बघ. हे आणखी एक. अरे, ओळीनं आहेत सगळी!" नखानं टोकरताच मेणाचा गोळा बाहेर आला. "पण रंग काय जुळवलाय! माझ्या हातून असा जुळत नाही, पेशंट आरशात बघून कुरकुरतात."

"मिस्त्री!" साहेबांचा आवाज चढला. "नव्या कपाटाला भोकं?"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं नाही.

"फळ्या वर-खाली करता याव्यात म्हणून, साहेब."

"बाटल्या काय वाढत्या वयाच्या आहेत? फळ्या हलवायच्या कशाला?"

खरं उत्तर वहिनींनी दिलं. त्या स्वयंपाकघरातून मिक्सर घेऊन आल्या आणि फळीखाली धरून म्हणाल्या, "दोन बोटं कमी पडतायत. मिस्त्री, वरची फळी एक घर चढवा."

"इथे मिक्सर येणार नाही!" साहेब म्हणाले.

मिस्त्रींनी चार खिट्ट्या हलवल्या. मिक्सर आला.

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. "डोकं आहे हो तुमचं. दवाखान्यात मला असंच हवंय. तुम्हीच या. डिझायनर कशाला हवी मध्ये?"

चोवीस भोकं मिस्त्रींनी पाडली होती वहिनींसाठी, आणि पंचविसावं पडलं होतं मुलीच्या कामाला. ते घाईघाईनं म्हणाले, "भोकं मॅडमच्या ड्रॉइंगमधलीच आहेत, बाई. मी फक्त पाडली."

"ड्रॉइंगमध्ये नाहीत," मुलगी म्हणाली. "बाबा, खोटं कशाला बोलता?"

"बाबा?" साहेब आणि वहिनी एकदमच म्हणाले.

"हो, हे माझे वडील. मी नको म्हटलं तरी यांनी पाडली. ती ड्रॉइंगमध्ये असायला हवी होती, ही चूक माझी. मी फोटो बघून फळ्या पक्क्या ठेवल्या, घर बघितलं नाही." मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "पण तुमच्या खुर्चीखालून पाणी, हवा, वीज आणि सांडपाणी अशा चार नळ्या जाणार. एकदा फरशी बसली की तिथे मागाहून भोक पाडून मेण भरता येत नाही. ते आधी कागदावर ठरवावं लागतं, आणि ते बाबांना येत नाही. विचारा त्यांनाच."

"नाही येत," मिस्त्री म्हणाले. तीस वर्षांत ही कबुली त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकासमोर दिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "जुन्या दवाखान्यात खुर्ची बसवली आणि मग कळलं, दार अर्धंच उघडतं. सहा वर्षं पेशंट तिरके होऊन आत येतायत." त्यांनी आराखडा मुलीच्या हातातून घेऊन पर्समध्ये घातला. "दोघंही उद्या सकाळीच या. आणि भोकं पाडायची ती मला सांगून."

"माझ्या बारचं काय?" साहेबांनी विचारलं. वहिनी प्लग लावून बघत होत्या. मिक्सर सुरू झाला आणि पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही.

जिना उतरताना मिस्त्री म्हणाले, "पुढच्या कामाला दुसरा मिस्त्री म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पण आता बाईंनी तुमचंच नाव घेतलंय, काय करणार?" दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "किती अंतरावर पाडता तुम्ही भोकं?"

"दोन बोटं."

"बोटं नको, मिलिमीटरमध्ये सांगा. लिहून घेते."

नव्या दवाखान्यात उद्या आठ वाजता गवंडी जुनी फरशी फोडायला येणार आहे. मापं त्याआधी घ्यायची आहेत. शटर सात वाजता उघडेल. बापलेकीला सहा वीसची बस धरायची आहे.