पडण्यात पटाईत

ज्युदोच्या वर्गात टेलरबाईंना भलतीच मागणी होती. नवीन मुलगी आली, की सर सांगत, “आधी टेलरबाईंना पाड. त्या सांभाळून घेतील.” आणि त्या घेत. अंगातल्या ज्युदोच्या जाड कोटाच्या कॉलरला हात लागतो न लागतो तोच त्या अलगद हवेत जात, मॅटवर आपटत आणि उठून म्हणत, “छान होता हं डाव.” पाठ आखडते म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या इथे आल्या होत्या. दोन वर्षांत वर्गाच्या लाडक्या झाल्या. उसवलेले कोटही त्याच शिवून देत.

त्यांच्या शिवणकामाच्या दुकानातही असंच चाले. गिऱ्हाइकाची कंबर वाढली, तर त्या चकार शब्द काढत नसत, गुपचूप अर्धा इंच सोडत. “बघा, माझं माप अजून तेच!” म्हणत गिऱ्हाईक खूश होऊन जाई.

त्यांची कायमची जोडीदार होती एक नर्स. सव्विशीतली, तोंडाळ, ड्यूटीवरून थेट वर्गात येणारी. तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेत ती नापास झाली. टेलरबाईंना घेऊन दाखवायचे डाव झकास झाले. पण शेवटी दुसऱ्या वर्गातली अनोळखी मुलगी समोर आली आणि हिचा कंबरेवर घेऊन पाडायचा डाव काही लागेना. ती मुलगी आपली खांबासारखी उभी.

सर दिवसा नळदुरुस्तीची कामं करत. बोलतानाही थेट गळतीवर बोट ठेवत.

“ती नापास झाली ती तुमच्यामुळे,” त्यांनी टेलरबाईंना बाजूला घेऊन सांगितलं.

“माझ्यामुळे? मी काय केलं?”

“तिनं ओढायच्या आत तुम्ही उडी मारता. तिला वाटतं, जमलं. चार महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे. बघा काय ते.”

हे टेलरबाईंना फार लागलं. “दोन वर्षं हाडं खिळखिळी करून घेतेय आणि वर हे ऐकायचं!” त्या भाजी चिरता चिरता नवऱ्याला म्हणाल्या.

“मग नको पडूस,” पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला.

म्हणणं सोपं होतं. नर्सनं कोट धरला की त्यांचे पाय आपोआप सुटत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अंगठे मॅटमध्ये रोवले आणि उभ्या राहिल्या.

“ताई, आज रुसलात की काय?”

“नाही. ओढ.”

“ओढतेच आहे की! वजन वाढलंय तुमचं.”

“वाढलंय. दीड किलो. ओढ.”

सगळा वर्ग बघायला लागला. नर्सचा चेहरा लालबुंद झाला. “परीक्षा माझी आहे. तुम्ही मदत करताय की माझी जिरवताय?”

‘बरं बाई, घे’ हे टेलरबाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. दुसऱ्या दिवसापासून नर्सनं दुसरी जोडीदार धरली, आणि टेलरबाई भिंतीशी एकट्याच हातपाय ताणत बसल्या.

दोन आठवड्यांनी नर्स दुकानात आली. गुश्शातच, पण कोट घेऊन. उजवी बाही बगलेत फाटली होती. टेलरबाईंनी ती उजेडात धरली.

“गेल्या खेपेलाही इथंच उसवला होता. सगळा जोर तू हातानं लावतेस. कंबर आत घातलीस तर बगलेवर एवढा ताण कशाला येईल?”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

नर्सनं फाटक्या बगलेत बोट घालून पाहिलं. “उद्या याल का माझ्याबरोबर? पडाल?”

“पाडलंस तर.”

महिनाभर ती पाडू शकली नाही. मग एका संध्याकाळी टेलरबाईंना काही कळायच्या आत छत दिसलं आणि दातावर दात आपटले. “लागलं का?” नर्स घाबरून ओरडली. “हो,” त्या आडव्याच म्हणाल्या. “परत कर.”

परीक्षेला पुन्हा अनोळखी मुलगी आली, चांगली उंच आणि दणकट. नर्सनं तिला दुसऱ्याच झटक्यात चीत केलं आणि धापा टाकत बाकावरच्या टेलरबाईंकडे आली.

“ताई, ही तर तुमच्यापेक्षा हलकी निघाली!”

“म्हण, म्हण,” म्हणत टेलरबाईंनी तिचा हात वर करून बगलेतली शिवण तपासली. धागासुद्धा हलला नव्हता.