चेंबरखालचा पत्रा

फेब्रुवारीत मी आत्याला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायला गावी गेले आणि तिला व्हाळापलीकडे नेऊ शकले नाही.

व्हाळ म्हणजे आमची वाडी आणि डांबरी रस्ता यांच्यामधला ओढा. पावसाळा सोडला तर त्यात घोट्याएवढं पाणी असतं, बाकी नुसते दगड. तिथे पूल होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. त्या व्हाळासाठीच दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली होती. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, वाडीत एकटी राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला ती हो म्हणावी म्हणून मी आठ महिने फोनवर तिच्या मागे लागले होते. तालुक्याच्या दवाखान्यात डोळ्यांचे सर्जन महिन्यातून एकदाच येतात, त्या दिवसाची वेळ घेतली होती.

आत्या नवं लुगडं नेसून, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसली. मी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू व्हाळात उतरले. मध्यावर खालून धाडकन आवाज आला. दोन-तीन मिनिटांत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिन बंद करून खाली वाकून पाहिलं, तर पाण्यावर काळा तवंग पसरत चालला होता. इंजिनाखाली ऑइलचं भांडं असतं, मेकॅनिक लोक त्याला चेंबर म्हणतात. ते दगडावर आपटून फुटलं होतं.

वाडीतला ट्रॅक्टर येऊन गाडी ओढून काढेपर्यंत दुपार झाली. सर्जन निघून गेले होते.

"ऱ्हवांदे गो," आत्या म्हणाली. "माका दिसता तितक्या पुरे. पुढच्या वर्सा बघूया."

"पुढच्या वर्षी नाही. एप्रिलमध्ये," मी म्हटलं.

 ती पिशवी उचलून दगडांवर पाय चाचपत घरी गेली. तिला तशी चालताना बघितलं आणि मी मनाशी ठरवून टाकलं, एप्रिल चुकवायचा नाही.

तालुक्यात नवं चेंबर बसवून घेतलं. तिथला मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, एक तर खालून गार्ड मारून घ्या, नाहीतर गाडी विका." गाडी विकायचा प्रश्नच नव्हता.

मी परळच्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत टेक्निशियन आहे. रक्ताच्या पिशवीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय ती पुढे द्यायची नाही, ही वीस-बावीस वर्षांची सवय. मुंबईला परतल्यावर पहिल्याच रविवारी दादरला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने ॲल्युमिनियमची चकचकीत प्लेट काउंटरवर ठेवली. मोठ्या अक्षरांत नाव कोरलेली, कडेला लाल रंग.

"लूक एकदम बदलून जाईल गाडीचा," तो म्हणाला.

"ही चेंबर झाकते का?"

त्याने प्लेट उलटी-सुलटी करून पाहिली. "पुढचा भाग झाकते. रेडिएटर वगैरे."

"आणि चेंबर?"

"त्याच्यासाठी वेगळी येते. तुमच्या मॉडेलची आता मिळणार नाही बहुतेक. दुसऱ्या मॉडेलची भोकं ॲडजस्ट करून देऊ."

मी प्लेट परत केली. ती सुंदर होती, पण माझी गाडी पुढून आपटली नव्हती.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा गिरणीत फिटर होते. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलीय आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या आवारात गाडी उभी होती. त्यांनी गोणपाट मागितलं, ते जमिनीवर अंथरलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत गाडीखाली सरकलेसुद्धा. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. मग आतून हात आला. "खडू दी."

अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि मला आत जायला सांगितलं. नव्या चेंबरभोवती खडूची रेघ होती. गिअरबॉक्सच्या खालच्या आडव्या पट्टीवर दोन जुने ओरखडे होते, तिथे फुली. डिझेलच्या टाकीखाली कंपनीचाच पत्रा होता. तो थोडा चेपला होता, पण शाबूत होता. तिथे काहीच खूण नव्हती.

"जंय मार बसलो, थंय पत्रो," बाबा म्हणाले. "बाकी सगळी शोभा."

इथपर्यंत आमचं एकमत होतं. भांडण झालं ते चिंचपोकळीला.

स्टेशनजवळच्या गाळ्यात पत्र्याचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, गेट आणि ग्रिलं बनवतात. गाडीचं काम ते क्वचित घेतात, पण बाबांची जुनी ओळख. त्यांनी आधी जाड पुठ्ठा कापून गाडीखाली लावून पाहिला. मग विचारलं, "ताई, कसला पत्रा लावायचा? ॲल्युमिनियम की लोखंड?"

हे मी शोधून ठेवलं होतं. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण दगडावर घासलं की खरवडतं आणि अडकतं. लोखंड दगडावरून सरकतं. आमच्या व्हाळात सरकणंच महत्त्वाचं. म्हणून लोखंड, यावर तिघांचं जमलं.

"पाच एमेम," बाबा म्हणाले. "पुढपासून गिअरबॉक्सपर्यंत एकच तुकडो."

मिस्त्रींनी मान डोलावली. "बरोबर बोलतायत काका. एक पीस म्हणजे मजबूत."

कोपऱ्यात पाच एमेमचा साधारण त्याच मापाचा पत्रा उभा होता. मी तो उचलायला गेले. एक कड जेमतेम वर आली.

"तू कित्याक उचलतंस?" बाबांनी विचारलं.

"व्हाळात काही झालं तर मलाच उचलायचाय. आडवी पडून, छातीवर घेऊन. तिथे कोण येणार आहे?"

मी तीन एमेम सांगितला, दोन तुकड्यांत. एक चेंबरखाली, एक गिअरबॉक्सखाली. ताकद यावी म्हणून पत्र्याला लांबीने दोन घड्या, आणि पुढची कड वर वळवलेली, म्हणजे दगडात रुतणार नाही. मागचा तुकडा पुढच्याच्या वरून थोडा आत जाईल असा. तीन एमेमचा तुकडा मी एकटीने उचलून दाखवला. हात भरून आले, पण उचलला.

"तीनाचो वाकतलो," बाबा म्हणाले.

"वाकू दे. वाकलेला मी ठोकून सरळ करीन. पाचाचा मला निघणारच नाही."

बाबा गाळ्याबाहेर जाऊन उभे राहिले. घरी येताना गाडीत ते खिडकीबाहेरच बघत होते. मलाही वाईट वाटलं. यंत्रांच्या बाबतीत मी त्यांचं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती. पण ऑर्डर मी बदलली नाही.

पुढच्या शनिवारी गाडी घेऊन गेले. मिस्त्रींनी पत्रे बसवले, काळा रंगही मारला होता. मी बॅटरी घेऊन खाली शिरले. ऑइल काढायचा नट पत्र्याच्या भोकासमोर नव्हता, दोन बोटं बाजूला होता. बोल्टची डोकी खाली बाहेर आलेली होती. पहिल्याच दगडाने ती उडाली असती.

"मिस्त्री, हे पुन्हा करावं लागेल."

"एवढं कोण बघतं ताई?"

"मी बघते."

ते कुरकुरले, पण माणूस कामाचा. भोक मोठं केलं, बोल्टसाठी खोलगट जागा करून डोकी आत घेतली. चेंबर आणि पत्र्यामध्ये मी दोन बोटं घालून पाहिली, ती सहज गेली. मग तिथेच गाळ्यासमोर पाना घेऊन पुढचा तुकडा मी स्वतः उतरवला आणि पुन्हा चढवला. पहिल्या वेळी पाऊण तास लागला. दुसऱ्या वेळी वीस मिनिटं.

एप्रिलमध्ये निघताना बाबा न विचारताच पुढच्या सीटवर येऊन बसले.

व्हाळात उतरल्यावर उजवं चाक दगडावर चढलं, घसरलं, आणि खालून लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला. मी गाडी थांबवली नाही. पलीकडे चढल्यावर खाली सरकून हात फिरवला. पत्र्यावर चकचकीत ओरखडा होता. चेंबर कोरडं होतं. बाबांनी वरून विचारलं, "काय?" मी म्हटलं, "काही नाही."

आत्या घरी नव्हती. काजूच्या बागेत बोंडं गोळा करत होती.

"तुमी येतालास असा माका वाटला नाय," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं ना, एप्रिल."

"काजू कोण बघतलो?"

"शेजारीण. मी बोललेय तिच्याशी. चल."

तिला हात-पाय धुऊन तयार व्हायला तास लागला. व्हाळ उतरताना तिने गाडीतली दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि डोळे मिटून घेतले होते. पण आम्ही वेळेत पोहोचलो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "केस पांढरे झाले मां तुझे."

परत येताना मात्र व्हाळातल्या दगडाने मागचा पत्रा दुमडला. कोपरा वर वळून घासायला लागला, आत एक गोटाही अडकला. काठावर गाडी घेतली, गोणपाट अंथरलं आणि आत शिरले. पहिला बोल्ट सुटल्यावर बाबांचा थरथरणारा हात आत आला, तळवा वर करून.

"बोल्ट माझ्याकडे दी. हरवशीत."

एकेक बोल्ट मी त्यांच्या हातात देत गेले. पत्रा छातीवर आला, गोटा निसटून पडला. दगडावर ठेवून पत्रा हातोडीने ठोकला, बराचसा सरळ झाला. बाबांनी कोपरा निरखून पाहिला. "हय आणखी एक घडी मारून घे," ते म्हणाले. "मिस्त्रीक मी सांगतंय."

आत्या सावलीत बसून आम्हा दोघांना लवकर आटपा म्हणून सांगत होती, काजू वाळत पडले होते म्हणून. पत्रा पुन्हा बसवला आणि तिला घरी सोडलं. डाव्या डोळ्याची तारीख आम्ही दिवाळीनंतरची घेतली आहे, व्हाळाचं पाणी उतरल्यावरची. या वेळी तारीख तिने स्वतःच विचारून घेतली.