मासुएच्या दोन औषधवह्या

मासुएची दुसरी औषधवही तीन महिने माझ्याकडे होती, उन्हाळी चटयांच्या खणात. तिने ती आणून दिली तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. दारात उभी राहून तिने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, आणि मग एप्रनच्या खिशातून ती गुलाबी वही काढली. "वहिनी, ही ठेवा. तेत्सुरो खण उघडत बसतो," म्हणाली. तेत्सुरो म्हणजे तिचा नवरा. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने स्वतःचे मोजेसुद्धा कधी स्वतः खणातून काढले नसतील. पण शेजारधर्म म्हणून मी वही घेतली.

औषधवही माणशी एकच असते. औषधाच्या दुकानातली बाई दर वेळी दिलेल्या औषधाची चिठ्ठी तिच्यात चिकटवते, म्हणजे पुढच्या डॉक्टरला सगळं एका नजरेत दिसतं. मासुएची पहिली वही निळी. चाळिशीत दमा लागला तेव्हापासूनची. बेटावरचे म्हातारे डॉक्टर, त्यांनी दिलेलं सकाळ-संध्याकाळ तोंडाने ओढायचं औषध, आणि दवाखान्याला लागून असलेलं दुकान. त्या दुकानात सातोए बसते, तेत्सुरोची चुलतबहीण. गुलाबी वही निघाली ती या सातोएच्या नजरेपासून लपण्यासाठी.

मासुए कालवं फोडते. हात्सुनोबाईंच्या शेडमध्ये खिडकीकडून तिसरं स्टूल अठरा वर्षं तिचं. अकरा बायका एका ओळीत बसतात, पुढ्यात फळी, फळीवर कालवांचा ढीग, हातात आखूड सुरी. शिंपल्यांना चिकटून होया येतात, बोटाएवढे बुळबुळीत जीव. सुरी लागली की चिळकांडी उडते आणि सगळ्या शेडभर त्या पाण्याचं खारट धुकं तरंगत राहतं. मासुएचा हात सगळ्यांत जलद. तिने स्टुलावर स्वतःच्या लग्नातल्या किमोनोच्या अस्तराची उशी शिवून घातली होती. पण एक हंगाम चुकला की स्टूल दुसरीचं होतं, हे त्या अकराही जणींना पक्कं ठाऊक असतं.

पाळी जाऊन वर्ष होत आलं होतं. गेल्या फेब्रुवारीत, बाहेर गारठ्याने दोर कडक झालेले, तेव्हा मासुएच्या अंगातून अशी आग उठायची की रबरी हातमोज्यात घामाचं पाणी साचायचं. एक दिवस सुरी घसरली. तळहाताला तीन टाके. तेत्सुरो सगळ्यांना सांगत सुटला की यंदा घरात हीटर लावायला नको, बायको पुरते. हसली सगळी. मासुए त्या दिवशी हसली नाही. तिने मोजलं असणार, अजून असे किती टाके पडले की हात्सुनोबाई दुसरी बाई बघतील.

उन्हाळ्यात ती बोटीने पलीकडच्या कुरे शहरात गेली, बायकांच्या दवाखान्यात. तिथे भरायच्या कागदावर दम्याचा चौकोन होता. तिने तो कोरा सोडला. "विचारलं असतं तर सांगितलं असतं," असं मला म्हणाली. चौकोन म्हणजेच विचारणं, हे मी बोलले नाही. तिला भीती होती की दमा म्हटलं की अंगातली आग शमवणारी हार्मोनची पट्टी मिळायची नाही. आणि बेटावरच्या डॉक्टरला पट्टीचं सांगितलं तर सातोएला कळेल, आणि सातोएला कळलं की शेडला. मग कुरेतल्या दुकानात तिने वही घरी विसरल्याचं सांगितलं आणि नवी, गुलाबी वही घेतली.

पट्टी पोटावर लावायची, दर दोन दिवसांनी नवी. जोडीला गोळी. महिन्याभरात मासुए शांत झोपू लागली, हात कोरडे झाले. ऑक्टोबरच्या मध्यावर हंगाम उघडला आणि तिसऱ्या स्टुलापुढची टोपली पुन्हा सगळ्यांच्या आधी भरू लागली.

नोव्हेंबरात तिची छाती वाजायला लागली.

आता मासुएचा स्वभाव सांगायला हवा. ती मासळीवालीकडून बांगडा घेताना त्याचे डोळे बघतेच, वर मासळीवालीचेही बघते. त्यामुळे छाती वाजली तशी तिने एकेकाला संशयात घेतलं. आधी सातोएला. ओढायच्या औषधाचा खोका यंदा वेगळ्या रंगाचा आला होता. सातोएने सांगितलं की औषध तेच, फक्त कंपनी वेगळी. मासुएने ते माझ्यासमोर कानाशी धरून हलवलं आणि म्हणाली, "आवाज हलका येतो." मग तेत्सुरोच्या सिगारेटला, जी त्याने सहा वर्षांपूर्वी सोडली आहे. त्याचे कोट हुंगले. मग केस कापायला गेली असताना तिथल्या मासिकात वाचलं की हार्मोन घेणाऱ्या काही बायकांना दमा होतो. त्या दिवसापासून तिचा सगळा संशय पट्टीवर जाऊन बसला.

माझ्यावरही होता. तिने गुलाबी वहीच्या चौथ्या पानात एक केस ठेवला होता, मी उघडते का ते कळायला. मी उघडली होती. केस जिथे होता तिथेच परत ठेवला.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिने पट्टी कात्रीने अर्धी केली. कुणाला विचारलं नाही. पंधरा तारखेनंतर लावणंच सोडलं. वर्षअखेरीची ती सगळ्यांत धावपळीची वेळ, बायका पहाटे चारला शेडमध्ये. अंगातली आग परत आली आणि छाती काही उघडली नाही. नोव्हेंबरापासूनच ती खोकायला शेडच्या मागच्या दाराबाहेर जायची आणि आत येताना नाक शिंकरल्यासारखं करायची, सर्दी वाटावी म्हणून.

तीस तारखेला शेड बंद झाली. तीन जानेवारीला ती माझ्याकडे नववर्षाचे गोड काळे वाटाणे घेऊन आली. माझं घर चढावर आहे. ती आली, चपला काढल्या, पांघरूण घातलेल्या, खालून गरम होणाऱ्या बैठ्या मेजाखाली पाय घातले, आणि चहा ओतेपर्यंत बोलत राहिली. मी म्हटलं, "मासुए, आज तू धापा टाकत नाहीस."

तिने कप खाली ठेवला. "म्हणजे आधी टाकत होते असं तुम्हाला कोण म्हणालं?"

मी गुलाबी वही काढली आणि तिला तिच्या पिशवीतली ठिपक्यांची वही मागितली. डॉक्टरांनी तिला एक फुंकनळी दिली आहे. रोज दोनदा जोरात फुंकायचं, काटा जिथे थांबेल तो आकडा कागदावर ठिपका करून मांडायचा. मासुए दहा वर्षं हे दात घासल्यासारखं करते. एक दिवस चुकत नाही, आणि एक दिवस मागे वळून बघत नाही.

दोन्ही वह्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. पट्टी लागली ऑगस्टच्या शेवटी. सगळा सप्टेंबर ठिपके तीनशे ऐंशीच्या आसपास, सरळ रांगेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून रांग उतरू लागली. डिसेंबरात पट्टी काढली, तरी रांग उतरतच गेली, दोनशे सत्तरपर्यंत. आणि एकतीस तारखेपासून, पट्टी नसताना, औषध तेच असताना, ठिपके वर चढत होते. त्या सकाळचा तीनशे पन्नासवर होता. त्यात रविवारचे ठिपके बाकीच्या दिवसांपेक्षा थोडे वर. रविवारी शेड बंद असते.

ती बराच वेळ बोटाने ठिपक्यांवरून जात राहिली. मग म्हणाली, "कालवं फोडणाऱ्यांना होयाच्या पाण्याने लागायचा तो दमा जुन्या काळचा. आता शेडमध्ये पंखे आहेत."

"आहेत."

"हात्सुनोबाईंनी तुम्हाला पाठवलं का?"

"मला त्या ओळखतसुद्धा नाहीत नीट."

"मग तुम्हाला माझं स्टूल का नको झालंय?" तिचे डोळे भरले होते, पण नजर वहीवरच होती. तेव्हा मला उमगलं. सातोए, सिगारेट, पट्टी, मी, सगळ्यांना तिने धरलं होतं ते एका स्टुलाला धरायला लागू नये म्हणून. दोन्ही वह्या पिशवीत घालून ती गेली. वाटाण्यांचा डबा माझ्याकडेच राहिला. सहा दिवस ती तो न्यायला आली नाही.

शेड उघडून तीन दिवस झाले आणि ठिपका तीनशेच्या खाली आला. त्या सकाळी ती आपल्या पायांनी डॉक्टरांकडे गेली आणि तिन्ही वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. नंतर तिने सांगितलं ते असं. डॉक्टर म्हणाले, पट्टीने काहींच्या छातीला त्रास होतो, काहींना काहीच होत नाही, मी शपथेवर काही सांगणार नाही. पण आम्हा दोन्ही डॉक्टरांना अर्धं अर्धं सांगून तू दोघांनाही आंधळं केलंस. त्यांनी कुरेला पत्र लिहिलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि बजावलं की यापुढे काही लावायचं किंवा काढायचं ते विचारून. रक्तात होयाचं वावडं निघालं. कुरेच्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी पुन्हा सुरू केली, पण दर महिन्याला ठिपक्यांची वही दाखवायची या अटीवर.

सातोएने गुलाबी वहीतल्या चिठ्ठ्या निळीत चिकटवून दिल्या. फक्त एवढंच म्हणाली, "माझी पाळी जायची वेळ अजून चार वर्षांनी येईल, तेव्हा तुमच्याच वहीत बघून विचारेन." मासुएला तो टोमणा वाटला. मला नाही वाटला. आमचं त्यावर अजून एकमत नाही.

राहिलं स्टूल. ती हात्सुनोबाईंकडे गेली तेव्हा मला सोबत घेऊन गेली, बाहेर उभं राहायला. दुपार झाली होती, बायका घरी गेलेल्या, शेडमध्ये पाणी मारणं चाललं होतं. मासुएने डॉक्टरांचा कागद पुढे केला. हात्सुनोबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी चष्मा लावलाच नाही.

"मला नोव्हेंबरातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "सर्दीवाली माणसं खोकायला थंडीत बाहेर जात नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"वर्षअखेर तोंडावर होती गं. तुझा हात गेला असता तर माल कसा निघाला असता?" त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं जसं कुणी पावसाचं सांगावं. "आणि तू तरी कुठे बोललीस?"

आयुष्यभर जिने सगळ्यांवर संशय घेतला, तिने या एका बाईवर कधी घेतला नव्हता, आणि नेमका तिच्यावरचाच खरा ठरला असता. मासुए तिसऱ्या स्टुलाशी गेली, उशीच्या नाड्या सोडल्या. गाठी ओल्याने आवळल्या होत्या, सुरी लावावी लागली.

हात्सुनोबाईंनी तिला काचेपलीकडच्या खोलीत घेतलं, जिथे धुतलेली कालवं पाण्यासकट पिशव्यांत भरतात. तिथे हवा वेगळी, शिंपले येत नाहीत. तिथल्या स्टुलाला नंबर नाही, जलद हाताला काही अर्थ नाही. डॉक्टरांनी हंगाम संपेपर्यंत बघू म्हटलंय, ठिपके उतरले तर तेही सोडायचं. मार्चअखेर रांग तीनशे साठवर आहे. तळहात कोरडे आहेत. मात्र अजूनही प्रत्येक पट्टीवरची तारीख ती माझ्याकडून वाचून घेते, स्वतः वाचल्यानंतर.

तिसऱ्या स्टुलावर आता चिफुमी बसते, छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई. मासुए पिशव्या भरता भरता काचेतून तिच्याकडे बघत असते. काल घरी जाताना माझ्या दारात थांबली.

"आज तीनदा बाहेर गेली ती," म्हणाली. "सर्दी आहे म्हणते."

"असेल सर्दी."

मासुएने माझ्याकडे बांगड्याकडे बघावं तसं पाहिलं. मग पिशवीतून जुनी फुंकनळी काढून दाखवली, गरम पाण्यात उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. "उद्या तिला शेडच्या मागच्या दाराशीच गाठते," म्हणाली, आणि निघण्याआधी सवयीने रस्त्याकडे एकदा बघून घेतलं.